पुढारीपण रक्तातच असावं लागतं?

पालकसभेपासून ऑफिसापर्यंत हे सर्रास ऐकू येतं. ते खरं नाही. स्वभावाचा वाटा असतो, पण बरंचसं सरावाने येतं. नेतृत्व घडवता येतं या विश्वासावरच आप्पा पेंडसे यांनी १९६२ साली पुण्यात ज्ञान प्रबोधिनी ही शिक्षणसंस्था सुरू केली. खडकवासल्याच्या एनडीएतही, म्हणजे सैन्याधिकारी घडवणाऱ्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, छात्रांना तीन वर्षं घडवलं जातं.

ढोलपथकाचा सराव पाहा: गेल्या वर्षीचा अबोल मुलगा यंदा नवख्यांना ढोलाची दोरी ताणायला शिकवतो, चुकणाऱ्याला बाजूला घेऊन ठेका समजावतो. कारण कुणीतरी ते काम विश्वासाने त्याच्यावर सोपवलेलं असतं. वर्गात मात्र मॉनिटर दरवर्षी तोच, मोठ्या आवाजाचा! हे मला फार खटकतं. जबाबदारी आळीपाळीने द्या, मग काय जमलं, काय राहिलं यावर निवांत बोला. ऑफिसातल्या टीमलाही हेच लागू.