रिसॉर्टच्या रस्त्यावर गतिरोधक, वेगमर्यादा किंवा वाहनबंदी हवी असेल तर अर्ज कुणाकडे आणि कसा करायचा

आंजर्ल्यापासून तारकर्लीपर्यंत किनाऱ्यावरच्या वाड्यांमधले बरेचसे रस्ते बैलगाडीच्या मापाने पडलेले आहेत. दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, मध्ये जेमतेम एसटी जाईल एवढी वाट. त्याच वाटेने आता शनिवारी रात्री रिसॉर्टकडे निघालेल्या मोठ्या गाड्या धावतात. मग कुणीतरी वैतागून ग्रामपंचायतीत अर्ज टाकतो, "गतिरोधक बसवा." अर्ज आवक नोंदवहीत चढतो आणि तिथेच राहतो. पंचायत लक्ष देत नाही असं दरवेळी नसतं. पुष्कळदा रस्ता पंचायतीचा नसतोच, आणि दुसऱ्याच्या रस्त्यावर पंचायतीला एक चिरासुद्धा ठेवता येत नाही.

म्हणून अर्ज लिहायच्या आधी रस्ता कुणाचा ते शोधा. पुढचं सगळं त्यावरच ठरतं.

रस्ता कुणाचा?

राष्ट्रीय महामार्ग ६६ आणि त्याच्या जोडमार्गांचं काम महामार्ग यंत्रणांकडे असतं. राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, तर इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे. गावठाणातले, वाडीतले रस्ते ग्रामपंचायतीचे. ते पंचायतीच्या रस्त्यांच्या नोंदवहीत असतात, ज्याला आपण "२३ नंबर" म्हणतो. त्या नोंदीचा उतारा ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून (पूर्वीचा ग्रामसेवक) घ्या. कडेचा किलोमीटरचा दगडही बरंच सांगतो. डोकं पिवळं असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवं असेल तर राज्य मार्ग, केशरी असेल तर ग्रामसडक योजनेचा रस्ता.

२३ नंबरला नोंद नाही, बांधकाम विभागाच्या यादीतही नाही आणि सातबाऱ्यात रस्ता कुणाच्या तरी गटातून जातोय, तर तो खासगी. बहुतेक रिसॉर्टचे फाटकाआतले रस्ते असेच असतात.

"आमचा रस्ता खासगी आहे, इथे पोलिसांचं काय काम?"

रिसॉर्टवाल्यांच्या तोंडचं हे वाक्य अर्धंच खरं आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये "सार्वजनिक जागा" ठरते ती लोकांना तिथे जायचा हक्क आहे का यावरून, मालकीवरून नव्हे. एसटी जिथे प्रवासी चढवते-उतरवते ती जागाही त्याच व्याख्येत स्पष्ट घातलेली आहे. म्हणजे रिसॉर्टच्या फाटकासमोर एसटीचा थांबा असेल तर त्या जागेबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही. जुन्या, १९३९ च्या कायद्याखालच्या अपघात-विम्याच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने आणखी पुढे जाऊन सांगितलं की जागा खासगी मालकीची असली आणि प्रवेशावर नियंत्रण असलं, तरी लोकांची ये-जा असेल तर विम्यापुरती ती सार्वजनिक जागाच. खोपोलीजवळच्या इमॅजिकासारखं तिकीट काढून आत जायचं उद्यान असो की दहा खोल्यांचं रिसॉर्ट, पाहुण्यांसाठी खुल्या पार्किंगमध्ये गाडीखाली कुणी आलं तर विमा कंपनीला "जागा खासगी होती" एवढ्यावर हात झटकणं सोपं नाही.

कलमागणिक शब्द वेगळे आहेत, ते नीट पाहा. लायसन्स, हेल्मेट, वेगमर्यादा आणि विमा यांच्या कलमांत "सार्वजनिक जागा" असा उल्लेख आहे. गाडीच्या नोंदणीच्या कलमात "सार्वजनिक जागी किंवा इतर कोणत्याही जागी" असं आहे. दारू पिऊन गाडी चालवण्याच्या कलम १८५ मध्ये जागेचा उल्लेखच नाही. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून जास्त अल्कोहोल सापडलं की पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. निष्काळजीपणाने कुणाचा जीव गेला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ लागतं. ते फाटकाआत लागतं तसंच फाटकाबाहेर.

बंदिस्त आवारातच वापरायला बनवलेली खास गाडी कायद्याच्या दृष्टीने मोटार वाहन नाही. त्यामुळे आवारात फिरणाऱ्या गोल्फ कार्टला नोंदणी लागत नाही. तीच कार्ट पाहुण्यांना घेऊन गावच्या रस्त्याने किनाऱ्यावर निघाली की ही सूट संपली. किनाऱ्यावरच्या चारचाकी एटीव्हींचंही तेच. नंबर प्लेट नाही म्हणजे नोंदणी नाही, आणि नोंदणी नाही म्हणजे तिसऱ्या पक्षाचा विमा नाही. मुलांना तीत बसवायच्या आधी तेवढं पाहावं.

अर्ज कोण करू शकतं आणि त्यात काय मागायचं

निवेदन कोणीही देऊ शकतो. रहिवासी, शाळा व्यवस्थापन समिती, होमस्टे चालवणारे, रिक्षा संघटना, कुणीही. वजन मात्र पडतं ते ग्रामसभेच्या किंवा मासिक सभेच्या ठरावाने. ठराव नसलेल्या अर्जाला "संबंधित ग्रामपंचायतीचा अभिप्राय घ्यावा" असा शेरा मारून परत पाठवणं कोणत्याही कार्यालयाला सोपं असतं, आणि त्यात दोन महिने सहज जातात.

मागणी एकच आणि नेमकी असू द्या. "वाहतुकीची समस्या सोडवावी" या मागणीवर कुणालाच काही करता येत नाही. मागण्यासारख्या गोष्टी तीन.

पहिली, वेगमर्यादा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११२ खाली राज्य शासन किंवा त्याने अधिकार दिलेला अधिकारी विशिष्ट रस्त्यासाठी कमी वेग ठरवू शकतो. त्यासाठी राजपत्रात अधिसूचना लागते आणि कलम ११६ प्रमाणे रस्त्यावर चिन्ह लावावं लागतं. दोन्ही झालं की तो वेग मोडणाऱ्या हलक्या वाहनाला कलम १८३ खाली १,००० ते २,००० रुपये दंड होऊ शकतो. रिसॉर्टने स्वतः रंगवलेला "वेग २०" चा फलक ही नुसती विनंती, त्यावर चलान फाडता येत नाही.

दुसरी, ठराविक वाहनांना किंवा ठराविक वेळेत बंदी, उदाहरणार्थ वाडीतल्या रस्त्यावर प्रवासी बसला मनाई. हे कलम ११५. किनाऱ्यावरच्या गावांना सर्वांत उपयोगी तरतूद इथेच आहे. बंदी एक महिन्याहून जास्त काळ राहणार नसेल तर राजपत्राची गरज नाही, स्थानिक प्रसिद्धी पुरते. वेगमर्यादेलाही महिन्याची ही सवलत आहे. नाताळ ते नववर्ष, मे महिन्याचे शेवटचे आठवडे, गावची जत्रा, अशा दिवसांपुरता एकेरी मार्ग किंवा अवजड वाहनबंदी हवी असेल तर कायमस्वरूपीचा हट्ट सोडून हेच मागावं. माझ्या मते निम्म्या गावांचं काम एवढ्यावर भागेल. मात्र अर्ज हंगामाच्या महिना-दीड महिना आधी पोचायला हवा. २८ डिसेंबरला दिलेल्या अर्जाचं उत्तर शिमग्याला येतं.

तिसरी, गतिरोधक. इथे घाई नको. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला गोलाकार गतिरोधक गाडीच्या दिशेने ३.७ मीटर रुंद आणि मधोमध फक्त १० सेंटिमीटर उंच असतो. ताशी २५ किलोमीटरने तो न आदळता ओलांडता येतो. ४० मीटर आधी इशारा फलक आणि वर पांढरे पट्टे लागतात. आपल्याकडे दिसतो तो उरलेल्या काँक्रीटचा फूटभर रुंदीचा उंचवटा असतो. पावसाळ्यात त्यावर लाल चिखल बसला की दुचाकीवाल्याला तो दिसतच नाही. असा उंचवटा परवानगीशिवाय घातला आणि त्यावर कुणी पडलं तर घालणाऱ्यावर सार्वजनिक रस्त्यात अडथळा केल्याचा गुन्हा दाखल होऊ शकतो. राष्ट्रीय महामार्गावर गतिरोधक मागू नका, मिळत नाही. तिथे रम्बल स्ट्रिप (गाडीला हादरे देऊन सावध करणाऱ्या आडव्या पट्ट्या), झेब्रा क्रॉसिंग किंवा फलक मागा.

सोबत काय जोडायचं

ठरावाची सही-शिक्क्याची प्रत. रस्त्याच्या मालकीचा पुरावा, म्हणजे २३ नंबरचा उतारा किंवा रस्त्याचा क्रमांक आणि कुठल्या किलोमीटरपासून कुठपर्यंत ते. हाताने काढलेला नकाशा चालतो, पण त्यावर शाळा, अंगणवाडी, एसटी थांबा, रिसॉर्टचं फाटक आणि धोक्याचं वळण दाखवा, मोबाइलवरून घेतलेले अक्षांश-रेखांश लिहा. दिवसाचे आणि रात्रीचे फोटो जोडा.

सगळ्यात महत्त्वाचा कागद अपघातांचा. पोलीस ठाण्यात नोंद झालेल्या अपघातांचे गुन्हा नोंद क्रमांक आणि तारखा द्या. इथेच गावं कमी पडतात, कारण "किरकोळ होतं, आपसात मिटवलं" म्हणून नोंदच नसते. कागदावर अपघात नसेल तर जिल्हा रस्ता सुरक्षा समितीच्या दृष्टीने रस्ता सुरक्षितच. नोंद नसलेल्या घटनांसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात उपचार घेतलेल्यांचे लेखी जबाब जोडता येतात, पण ते दुय्यम.

अर्ज रस्त्याच्या मालकाला द्या आणि प्रती पोलीस अधीक्षक कार्यालयाची जिल्हा वाहतूक शाखा, आपलं पोलीस ठाणं, परिवहन कार्यालय आणि जिल्हाधिकारी कार्यालयातली जिल्हा रस्ता सुरक्षा समिती यांना. रायगडचं परिवहन कार्यालय पेणला आहे, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गची आपापल्या जिल्ह्यात. बांधकाम, पोलीस आणि परिवहन या तिन्ही खात्यांची माणसं समितीत एकत्र बसतात. त्यामुळे विषय तिथे ठेवावा असं अर्जातच लिहावं.

मजकूर असा पुरे:

*प्रति, मा. कार्यकारी अभियंता, बांधकाम विभाग, जिल्हा परिषद, …*
*विषय : मौजे … येथील ग्रामीण मार्ग क्र. … वर शाळा ते समुद्रकिनारा या भागात वेगमर्यादा व दोन गतिरोधक मिळणेबाबत.*
*महोदय, उपरोक्त रस्त्याची रुंदी … मीटर असून त्यावर … रिसॉर्ट आहेत. दि. … ते दि. … या काळात या रस्त्यावर … अपघात नोंद आहेत (गुन्हा नोंद क्र. सोबत). ग्रामसभा ठराव क्र. … दि. … अन्वये मागणी करण्यात येते की, स्थळपाहणी करून मानकाप्रमाणे गतिरोधक व चिन्हे बसवावीत, तसेच वेगमर्यादेचा प्रस्ताव सक्षम अधिकाऱ्याकडे पाठवावा व हा विषय जिल्हा रस्ता सुरक्षा समितीपुढे ठेवावा.*

"स्थळपाहणी करून" हे शब्द गाळू नका. त्यामुळे कुणीतरी येऊन पाहणं आणि अहवाल लिहिणं भाग पडतं. स्थळपाहणीला उपअभियंता येईल तेव्हा एसटी येण्याच्या वेळेला बोलवा. समोरून पाहुण्यांची गाडी आली की एसटीला कुठपर्यंत मागे जावं लागतं ते त्याला स्वतःच दिसेल.

रिसॉर्टच्या आतला रस्ता असेल तर यातलं काही लागत नाही. मालकाने स्वतःच गतिरोधक, दिवे, आरसे बसवावेत. आतला रस्ता राज्य मार्गाला किंवा महामार्गाला जिथे जोडला आहे त्या जोडरस्त्याची परवानगी मात्र रस्त्याच्या मालक विभागाकडून घेतलेली असायला हवी. वळणावर उघडणारं फाटक हे अपघाताचं नेहमीचं ठिकाण. परवानगी नसेल तर विभाग ते बंद करायला लावू शकतो. तक्रारीत हा मुद्दा वेगळा लिहा.

पाहुण्यांसाठी थोडक्यात

तपासणीत लायसन्स, नोंदणी, विमा आणि पीयूसी दाखवावं लागतं. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधली प्रत चालते, गॅलरीतला फोटो चालत नाही. भाड्याची स्कूटर घेतलीत तर पाटी काळी आणि अक्षरं पिवळी आहेत ना ते पाहा. पांढऱ्या पाटीची खासगी स्कूटर भाड्याने देणं १९९७ च्या रेंट-ए-मोटरसायकल योजनेत बसत नाही, आणि अपघात झाला तर विम्याचा पहिला प्रश्न तोच असतो. "रिसॉर्टचाच तर रस्ता आहे" म्हणून पंधरा वर्षांच्या मुलाच्या हातात स्टिअरिंग देणाऱ्यांनी मोटार वाहन कायद्याचं कलम १९९अ वाचावं. पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत शिकाऊ लायसन्स नाही.

वाळूत गाडी नेऊ नका. भरती कुणासाठी थांबत नाही, आणि इंजिनात समुद्राचं पाणी शिरून झालेलं नुकसान साध्या पॉलिसीत सहसा बसत नाही, त्यासाठी वेगळं कवच घ्यावं लागतं.

घरी गेल्यावर चलान आलं तर महाट्रॅफिक अ‍ॅपवर किंवा महाराष्ट्र पोलिसांच्या ई-चलान संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे चार अंक टाकून ते पाहता येतं. तिथेच फोटो दिसतो, पैसे भरता येतात आणि चलान चुकीचं वाटलं तर तक्रारही करता येते. फोटोतली गाडी तुमची नसेल किंवा त्या जागी चिन्हच नव्हतं असं म्हणणं असेल तर पैसे भरण्याआधी तक्रार करा. व्हॉट्सअ‍ॅपवर "आरटीओ चलान" नावाची एपीके फाइल (फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी) आली तर ती उघडू नका. ती पोलिसांची नसते.

उत्तर आलं नाही तर

महिनाभर वाट पाहून "आपले सरकार" संकेतस्थळावर तक्रार नोंदवा. शिवाय माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली दहा रुपये शुल्क भरून अर्ज द्या. त्यात "काम का झालं नाही" असं विचारू नका, त्याला उत्तर मिळत नाही. आपल्या अर्जाचा आवक क्रमांक आणि तारीख देऊन त्यावरच्या टिप्पणीच्या, स्थळपाहणी अहवालाच्या आणि रस्ता सुरक्षा समितीच्या त्या विषयावरच्या इतिवृत्ताच्या प्रती मागा. माहिती तीस दिवसांत द्यावी लागते. स्थळपाहणी झालीच नसेल तर ते कागदावर येतं, आणि पुढचा अर्ज किंवा अपील त्या कागदाच्या जोरावर करता येतं.

वेगमर्यादा मंजूर झाली तर अधिसूचनेची प्रत ग्रामपंचायतीत फाइलला लावा आणि एक पोलीस ठाण्यात द्या. चलानाला कुणी न्यायालयात आव्हान दिलं की तिथे पहिल्यांदा तीच मागतात.