छातीविकार व अतिदक्षता यांतील निरंतर वैद्यकीय शिक्षण : मराठवाडा

पदवी घेऊन व्यवसायात पडलेल्या डॉक्टरांनी आयुष्यभर चालू ठेवायचे शिक्षण. डॉक्टरांच्या बोलण्यात ते 'सीएमई' याच नावाने येते. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडील नोंदणीचे दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी ३० क्रेडिट गुण मिळवावे लागतात. व्याख्याने, कार्यशाळा व परिषदांना हजर राहून हे गुण मिळतात.

फुप्फुसाचे आजार आणि आयसीयू हे विषय बहुधा एकाच कार्यक्रमात येतात. त्यांचे नाते जुने आहे. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली, तेव्हा श्वास थांबत चाललेल्या रुग्णांना वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून हाताने पिशवी दाबत श्वास दिला. आजचा अतिदक्षता विभाग त्यातूनच उभा राहिला. भारतात या शाखेच्या डॉक्टरांची संघटना १९९३ मध्ये स्थापन झाली.

मराठवाड्यात या शिक्षणाचा भार मुख्यतः वैद्यकीय महाविद्यालयांवर आणि डॉक्टरांच्या स्थानिक संघटनांवर आहे. छत्रपती संभाजीनगरचे शासकीय महाविद्यालय (१९५६), म्हणजे लोकांची 'घाटी', सर्वांत जुने. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण महाविद्यालय, नांदेड आणि लातूर ही पुढची केंद्रे. धाराशिव, परभणी, जालना व हिंगोली येथील शासकीय महाविद्यालये २०२२ व त्यानंतरची आहेत.

अभ्यासविषय मात्र इथल्या खाटांवरून ठरायला हवेत. मोठ्या शहरातली व्याख्याने जशीच्या तशी इकडे आणली, तर डॉक्टर गुण घेऊन घरी जातो आणि रात्रीच्या ड्यूटीला त्यातले काहीच उपयोगी पडत नाही. मराठवाड्यातल्या आयसीयूत नातेवाईक "यानं औषध घेतलं" असे सांगतात, तेव्हा ते औषध म्हणजे कीटकनाशक असते. ऑर्गेनोफॉस्फरस या कीटकनाशकाच्या विषबाधेत ॲट्रोपिन हा उतारा कुठवर द्यायचा, हे डोळ्यांच्या बाहुल्यांकडे पाहून ठरवायचे नसते. छातीतली घरघर थांबून ती कोरडी व्हावी लागते, नाडी ८० च्या वर यावी लागते. पुढचा धोका रुग्ण शुद्धीवर आल्यावरचा आहे. साधारण २४ ते ९६ तासांत काहींचे स्नायू अचानक लुळे पडतात आणि श्वास बंद पडतो. त्याची पहिली खूण अगदी साधी: रुग्णाला उशीवरून मान उचलायला सांगायची. कालपर्यंत उचलणारा आज उचलू शकत नसेल, तर श्वासनळीत नळी टाकायची तयारी ठेवायची. ही तपासणी सिस्टरला शिकवली तर पहाटे तीनलाही होते. तशीच गोष्ट मण्यारीच्या दंशाची. जखम दिसत नाही, सूज नसते, पोटात दुखते आणि पापण्या जड होतात. वेळेत व्हेंटिलेटर मिळाला तर असा माणूस बहुधा पूर्ण बरा होऊन चालत घरी जातो.

दुसरा विषय क्षयाचा. साध्या क्षयाचा उपचार ६ महिन्यांचा: २ महिने चार औषधे, नंतर ४ महिने तीन. बीड-धाराशिवकडची ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. सप्टेंबरात निदान झालेल्या मजुराच्या गोळ्यांचा निम्म्याहून अधिक काळ फडात जातो. म्हणून इथे गोळ्यांच्या मात्रेइतकेच 'कोयता (ऊसतोडीचे जोडपे) कुठल्या कारखान्याला चालला' हे विचारणे आणि तिथल्या केंद्राकडे रुग्ण वर्ग करणे शिकवले पाहिजे. कधीही विडी न ओढलेल्या, पण जन्मभर चुलीपुढे बसलेल्या बाईचा सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार) हाही असाच. स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून करायची फुप्फुसाची तपासणी, केली नाही तर तो 'दमा' म्हणूनच कागदावर राहतो.

व्हेंटिलेटरच्या कार्यशाळेत सगळ्यांत मोलाची वस्तू मोजपट्टी असते. फुप्फुसे गंभीरपणे सुजलेल्या रुग्णाला दर श्वासाला किलोमागे सुमारे ६ मिली हवा द्यावी, हे २००० सालच्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीने सिद्ध केले. १२ मिलीच्या गटात मृत्यू सुमारे ४० टक्के होते, ६ च्या गटात ३१ टक्के. हा किलो वजनकाट्यावरचा नसून उंचीवरून काढलेला असतो. १५० सेंटीमीटर उंचीच्या बाईचे असे वजन सुमारे ४३ किलो भरते, म्हणजे तिला २६० मिली पुरे. सवयीने ५०० लावले तर जवळपास दुप्पट हवा आधीच दुखावलेल्या फुप्फुसात कोंबली जाते. मोजपट्टी काही रुपयांची असते आणि ती प्रत्येक आयसीयूत खाटेजवळ टांगलेली असावी.

क्रेडिट गुणांची ही चौकट वैद्यक परिषदेकडे नोंदलेल्या डॉक्टरांपुरती आहे. सिस्टर, तंत्रज्ञ आणि १०८ रुग्णवाहिकेवरचे, बहुधा आयुर्वेदाचे, डॉक्टर यांना अशा कार्यक्रमांत मुद्दाम बोलवावे लागते. गंभीर रुग्ण सर्वाधिक वेळ याच लोकांच्या हाती असतो, तेव्हा खर्च व जागा आधी त्यांच्यासाठी राखणे मला रास्त वाटते. नांदेडसारख्या जिल्ह्यात तर रेफर करणे हाच स्वतंत्र धडा आहे. लहान सिलिंडरमध्ये साधारण १५०० लिटर ऑक्सिजन मावतो. मिनिटाला १० लिटर लावला तर अडीच तास पुरतो, १५ लावला तर पावणेदोन तासही नाही. किनवटहून निघालेली गाडी तेवढ्यात नांदेडला पोहोचेलच असे नाही. म्हणून रुग्ण स्ट्रेचरवर घेण्याआधी हा भागाकार कागदावर मांडायचा आणि दुसरा सिलिंडर गाडीत चढला का, हे स्वतः पाहायचे.