गर्भाधान ते अंत्येष्टी: आयुष्याच्या टप्प्यांवरील कायद्याच्या रेषा

नाशिकच्या रामकुंडावर अस्थिविसर्जनासाठी येणारी कुटुंबे सोळा संस्कारांपैकी शेवटच्या, अंत्येष्टीच्या, विधीची सांगता करत असतात. या मालिकेतला पहिला संस्कार गर्भाधानाचा, म्हणजे पतिपत्नीच्या पहिल्या समागमाचा, आणि आयुष्याच्या टप्प्यांत कायद्याने किती हात घालावा, हा महाराष्ट्रातला एक मोठा वाद पेटला तो त्याच्यावरूनच.

१८६० च्या दंडसंहितेने मुलीच्या संमतीचे वय, म्हणजे ज्याच्या आत तिच्याशी शरीरसंबंध पतीने ठेवला तरी बलात्कार ठरे ते वय, १० ठरवले होते. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी पुढे नांदायला जाण्यास नकार दिला, तेव्हा पतीने १८८४ मध्ये दावा लावला आणि १८८७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना नांदायला जा, नाहीतर तुरुंगात जा, असा पर्याय दिला. त्यांनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. १८९० मध्ये बंगालमधील फुलमणी ही सुमारे ११ वर्षांची मुलगी पतीच्या बळजोरीने मेली, आणि पुढच्या वर्षी संमतिवय १२ झाले. ऋतुप्राप्तीनंतर लगेच गर्भाधान झालेच पाहिजे, असा विरोधकांचा शास्त्राधार होता. परक्या सरकारने आमच्या धर्मात पडू नये, ही टिळकांची भूमिका होती. या शास्त्रार्थात ग्रंथ पुष्कळ उघडले गेले, मुलींना मात्र फारसे कोणी विचारले नाही. मुलीच्या लग्नाचे किमान वय १९२९ मध्ये १४ आणि १९७८ मध्ये १८ झाले.

गर्भपाताची रेषा १९७१ च्या कायद्याने २० आठवड्यांवर ओढली. २०२१ च्या दुरुस्तीने ती ठरावीक स्त्रियांसाठी २४ वर नेली.

मृत्यूच्या टोकाशी कायदा सर्वांत उशिरा पोहोचला. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ मधील हल्ल्यानंतर बेचाळीस वर्षे अंथरुणाला खिळून होत्या. त्यांचे अन्न थांबवण्याची विनंती सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये फेटाळली. त्यांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांचाही या विनंतीला विरोध होता, आणि तो बाजूला सारण्याजोगा नव्हता. मात्र त्याच निकालाने कृत्रिम आधार काढून घेण्याची वाट, उच्च न्यायालयाच्या परवानगीने, मोकळी केली. २०१८ मध्ये वैद्यकीय इच्छापत्राला, म्हणजे पुढे बरे होण्याची आशा उरली नाही तर कृत्रिम आधार नको, असे शुद्धीत असतानाच लिहून ठेवण्याला, मान्यता मिळाली, पण त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागत असल्याने ते बहुतेकांच्या आवाक्याबाहेर राहिले. जानेवारी २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे ठरले. त्याची प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेच्या अधिकाऱ्याकडे ठेवायची असते, म्हणजे नाशिककरांसाठी जन्म-मृत्यूच्या नोंदी ठेवणाऱ्या महापालिकेकडेच.