चिंध्यांची वस्त्रकला

चिंध्यांची वस्त्रकला : वापरून विटलेल्या, फाटलेल्या कपड्यांचे तुकडे एकमेकांना जोडून किंवा एकमेकांवर शिवून केलेले काम. शिंप्याकडची कोरी कातरणेही चालतात, पण खरी गंमत जुन्या कापडात. त्यावर ऊन, धुणे आणि अंगमेहनत यांनी आधीच रंगकाम करून ठेवलेले असते.

अमेरिकेतील अलाबामा राज्यातल्या जीज बेंड वस्तीतील कृष्णवर्णीय बायकांच्या गोधड्या पाहाव्यात. शेतावर घालायच्या डेनिम पँटचा खिसा उसवला की त्याखालचा चौकोन गडद निळाच निघतो, भोवतालचे कापड मात्र फिके पडलेले असते. गोधडीत तो चौकोन तसाच दिसतो. मिसूरी पेटवे यांनी १९४२ मध्ये दिवंगत नवऱ्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली, त्याची आठवण पांघरता यावी म्हणून. २००२ मध्ये ह्यूस्टनच्या ललितकला संग्रहालयात या वस्तीतल्या गोधड्या भिंतीवर लागल्या, तेव्हा समीक्षकांना त्यांत आधुनिक अमूर्त चित्रे दिसली. शिवणाऱ्यांना आधी थंडी भागवायची होती.

उत्तर जपानच्या थंडीत कापूस पिकत नसे. तिथले लोक भांगेच्या धाग्याच्या विरळ कापडावर जुन्या, निळीत रंगवलेल्या सुती चिंध्या धावदोऱ्याने शिवत. ठिगळावर ठिगळ चढून मूळ कापड कोणते हेच कळेनासे होई. अशा कापडाला ‘बोरो’ म्हणतात; शब्दाचा अर्थही चिंध्याच. चिलीत १९७३ च्या लष्करी उठावानंतर बायकांनी गोणपाटावर तुकडे शिवून बेपत्ता आप्तांची चित्रे केली. त्यांतल्या बाहुल्यांचे कपडे कधीकधी त्या हरवलेल्या माणसाच्याच सदऱ्यातून कापलेले असत.

कापड आधी धुऊन घेतात, म्हणजे आटायचे ते आटते आणि रंग जायचा तो जातो. मग उजेडासमोर धरतात. गुडघ्या-कोपराजवळचा भाग जाळीसारखा दिसला तर त्याला मागून पातळ अस्तर कच्च्या टाक्यांनी लावावे लागते. उरेब, म्हणजे धाग्यांना तिरपा, कापलेला तुकडा शिवताना ताणतो आणि जोडाला झोळ येतो. जाड डेनिमशेजारी मलमल लावली, तर ती काही दिवसांत शिवणीलगत फाटते. हातात येईल ते कापड जोडायचे म्हटले, तरी जोडीला कोण बसवायचे हे बघावेच लागते.

सर्वांत जास्त दगा देते ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले रेशीम. कच्च्या रेशमाचा नैसर्गिक डिंक धुऊन काढताना गेलेले वजन भरून काढायला त्याला धातूंचे क्षार पाजत. त्या काळच्या गोधड्यांत असे रेशीम उभे चिरत जाते आणि शेजारची सुती चिंधी धडधाकट असते.