जंगलातून उठवलेल्या कुटुंबांनाही वनहक्क दावा करता येतो, तो कसा ते बघा

बऱ्याच जणांना वाटतं की आज जी जमीन कसताय तिच्यावरच वनहक्क दावा होतो. तसं नाहीये. 2006 च्या वनहक्क कायद्यात कलम 3 प्रमाणे 13 डिसेंबर 2005 च्या आधी बेकायदा हुसकावलेल्या आणि पुनर्वसन न मिळालेल्या लोकांना पर्यायी जमिनीसकट पुनर्वसनाचा हक्क आहे, आणि कलम 4(8) प्रमाणे सरकारी प्रकल्पात घर-शेती गेली, बदल्यात जमीन मिळाली नाही आणि घेतलेली जमीन 5 वर्षांत त्या कामाला वापरलीच नाही तर तीही मागता येते. वैयक्तिक दाव्याच्या फॉर्ममध्ये या दोन्हींचे वेगळे रकाने आहेत, ते कृपा करून कोरे सोडू नका!

पात्रता म्हणाल तर अनुसूचित जमातीच्या कुटुंबाला 2005 च्या त्या तारखेआधीचा ताबा, आणि बाकीच्या वननिवासींना 3 पिढ्या म्हणजे 75 वर्षांचं वास्तव्य. कसत असलेली जमीन जास्तीत जास्त 4 हेक्टर.

आता कागद. किमान 2 पुरावे लागतात पण अमुकच कागद आणा असं कोणी अडवू शकत नाही. मतदार कार्ड, रेशनकार्ड, घरपट्टीची पावती, जुने नकाशे चालतात, वनखात्याने पूर्वी अतिक्रमण म्हणून दंड केला असेल तर ती पावतीही जपून ठेवा, कारण तुम्ही तिथे होता हे त्यातूनच दिसतं. घर पाडलेलं असलं तरी विहीर, बांध, दफनभूमी, देवाची जागा हे सगळं धरलं जातं, वंशावळ पण. आणि माझ्या मते उठवलेल्या लोकांसाठी सगळ्यात मोठा आधार म्हणजे वयस्कर माणसांचा लेखी जबाब, तो दावेदार सोडून दुसऱ्याचाच लागतो, म्हणून एकाच प्रकल्पात उठलेल्या पाड्यांनी एकमेकांना धरून राहायला हवं. पाडे पांगले की कोण कुठे राहत होतं हे सांगणारी माणसं पण पांगतात, तेव्हा जात-जमात न बघता जुन्या शेजाऱ्यांना शोधा आणि त्यांच्यासाठी तुम्ही पण जबाब द्या.

फॉर्म फुकट मिळतो. गावच्या वनहक्क समितीकडे द्यायचा आणि लेखी पोच घ्यायचीच. मग समिती जागेवर येऊन पाहणी करते, ग्रामसभा ठराव करते, तिथून उपविभागीय समिती आणि शेवटी जिल्हास्तरीय समिती. दावा फेटाळला तर कारण लेखी मागा, ग्रामसभेच्या निर्णयावर उपविभागीय समितीकडे आणि तिच्या निर्णयावर जिल्हा समितीकडे 60 दिवसांत अपील करता येतं. कसत असलेल्या जमिनीचा दावा पडताळणीत असताना कायदा त्या जमिनीवरून हलवू देत नाही, कलम 4(5), हा नंबर पाठच करा.

मंजुरी आली की नवरा-बायको दोघांची नावं हक्कपत्रावर आहेत ना बघा, बायकोचं राहिलं असेल तर लगेच अर्ज द्या. जमीन वारसाने पुढे जाते, विकता मात्र येत नाही.