वेणी आवळू न देणारं विष

बोटॉक्स म्हटलं की सुरकुत्या घालवलेला चेहरा डोळ्यांपुढे येतो. हे औषध म्हणजे मुळात जिवाणूंपासून मिळणारं ए प्रकारचं बोट्युलिनम विष. पण अमेरिकेत १९८९ साली त्याला पहिली मान्यता मिळाली ती तिरळेपणा आणि पापण्या आपोआप मिटण्याच्या विकारासाठी. मला त्याचा सगळ्यात मोलाचा उपयोग वाटतो तो मानेच्या डिस्टोनियात.

या आजारात मान आपोआप एका बाजूला वळते, वाकते, थरथरते. वेडंवाकडं झोपल्यानं सकाळी मान धरते, ते हे नव्हे. इथे बिघाड मेंदूत, हालचाली आखणाऱ्या जाळ्यात असतो. हनुवटीला नुसतं बोट लावलं तरी अनेकांची मान थोडा वेळ सरळ होते. ते पाहून घरचे ‘नाटक आहे’ म्हणतात, नाहीतर अंगारा लावायला नेतात. डॉक्टरांसाठी मात्र तीच निदानाची खूण असते. गंडेदोऱ्यात वर्षं घालवू नका, न्यूरॉलॉजिस्ट गाठा.

आता विषाकडे वळू. मज्जातंतू स्नायूला ‘आवळ’ असा निरोप देतो तो असेटिलकोलिन या रसायनातून. ते मज्जातंतूच्या टोकात इवल्या पिशव्यांत भरलेलं असतं. पिशवी टोकाच्या भिंतीशी एकजीव झाली, तरच ते बाहेर पडतं. त्यासाठी तीन प्रथिनं मिळून चार पेडांची वेणी घालतात: पिशवीवरच्या सिनॅप्टोब्रेव्हिनचा एक पेड, भिंतीवरच्या सिंटॅक्सिनचा एक आणि स्नॅप-२५ चे दोन. वेणी आवळत जाते तशी पिशवी भिंतीकडे ओढली जाते. ए प्रकारच्या विषाचा जड भाग मज्जातंतूला धरतो. हलका भाग आत शिरून स्नॅप-२५ कापतो. त्याच्या २०६ अमिनो आम्लांपैकी (प्रथिनाच्या साखळीतल्या कड्यांपैकी) शेवटची फक्त ९ तुटतात! तेवढ्यानं वेणी कामाची राहत नाही, निरोप आतच अडकतो आणि स्नायू सैलावतो.

मान उजवीकडे वळत असेल तर बहुधा डावीकडचा पुढचा आणि उजवीकडचा मागचा स्नायू ओढत असतो. सुई नेमकी तिथे जावी म्हणून ईएमजी (स्नायूतले विद्युत संकेत टिपणारी तपासणी) किंवा सोनोग्राफीची मदत घेतात. औषध शेजारी पसरलं तर काही दिवस ते काही आठवडे घास गिळायला त्रास होऊ शकतो.

गुण यायला काही दिवस लागतात आणि तो साधारण तीन महिने टिकतो, कारण मज्जातंतूला नवे फुटवे येतात आणि पुढे जुनं टोकही कामाला लागतं. मेंदूतला बिघाड तसाच असतो. म्हणून ‘एका इंजेक्शनात कायमचा बरा’ ही जाहिरात खोटी. सुई पुन्हा घ्यावी लागते.