राज्यसभा ‘नाही’ म्हणते तेव्हा

५ सप्टेंबर १९७०. राज्यसभेत मतं मोजली गेली : बाजूने १४९, विरोधात ७५. संस्थानिकांना सरकारकडून मिळणारे तनखे बंद करणारं हे घटनादुरुस्ती विधेयक लोकसभेने तीनच दिवस आधी मंजूर केलं होतं. पण घटनादुरुस्तीला मतदान करणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांश सदस्य बाजूने लागतात आणि २२४ चे दोन-तृतीयांश होतात १४९.३३. एका पूर्ण मताचीही उणीव नव्हती, तरी विधेयक पडलं.

सरकारने मग राष्ट्रपतींच्या आदेशाने संस्थानिकांची मान्यताच काढून घेतली. ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे सर्वोच्च न्यायालयात गेले आणि डिसेंबरमध्ये तो आदेश रद्द झाला. त्याच महिन्यात लोकसभा विसर्जित झाली. तनखे अखेर गेले ते १९७१ च्या निवडणुकीनंतर, २६ व्या घटनादुरुस्तीने.

असा अडसर घालू शकणारं सभागृह आपण ठेवलं तरी कशासाठी?

केंद्रात दोन सभागृहं आणली ती १९१९ च्या कायद्याने. वरचं ‘कौन्सिल ऑफ स्टेट’ म्हणजे जमीनदार आणि धनिकांची जागा. मताचा अधिकार अगदी मोजक्यांना. त्यामुळे दुसऱ्या सभागृहाबद्दल घटना समितीत अढी असणं स्वाभाविकच होतं. जुलै १९४७ मध्ये यावर चर्चा झाली तेव्हा एन. गोपालस्वामी अय्यंगार यांनी बाजू मांडली, की क्षणिक आवेशातून येणाऱ्या कायद्यांना थोडा उशीर व्हावा आणि निवडणुकीच्या धकाधकीत न उतरणाऱ्या अनुभवी माणसांना देशाच्या कारभारात बोलता यावं. मला यातलं पहिलं कारण अधिक मोलाचं वाटतं.

३ एप्रिल १९५२ रोजी हे सभागृह अस्तित्वात आलं. ‘राज्यसभा’ हे नाव १९५४ मध्ये मिळालं. आज सदस्य २४५. त्यांतल्या २३३ जणांना राज्यांच्या आणि काही केंद्रशासित प्रदेशांच्या विधानसभांचे आमदार निवडतात, १२ जणांना राष्ट्रपती नेमतात. जागा लोकसंख्येच्या प्रमाणात, म्हणून महाराष्ट्राला १९ आणि गोव्याला एक. मुदत सहा वर्षांची. दर दोन वर्षांनी एक-तृतीयांश सदस्य निवृत्त होतात, सभागृह मात्र कधीच विसर्जित होत नाही. लोकसभेच्या निवडणुकीत मुंबईत पराभूत झालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५२ मध्ये मुंबई राज्यातून याच सभागृहात आले.

साधं विधेयक दोन्हीकडे मंजूर व्हावं लागतं. एका सभागृहाने ते फेटाळलं, दुरुस्त्यांवर जुळलंच नाही किंवा सहा महिने नुसतं पडून राहिलं, तर राष्ट्रपती संयुक्त बैठक बोलावू शकतात. तिथे लोकसभेचं संख्याबळ भारी पडतं. अशा बैठकीत आजवर तीनच विधेयकं मंजूर झाली : १९६१ मध्ये हुंडाबंदी, १९७८ मध्ये बँकिंग सेवा आयोग रद्द करण्याचं आणि २००२ मध्ये ‘पोटा’ हा दहशतवादविरोधी कायदा. तिसऱ्या वेळी लोकसभाध्यक्ष बालयोगी यांचं नुकतंच अपघाती निधन झालं होतं, म्हणून उपाध्यक्ष पी. एम. सईद अध्यक्षस्थानी होते.

धन विधेयकात, म्हणजे फक्त कर आणि सरकारी पैशांशी संबंधित विधेयकात, राज्यसभेच्या हाती फारसं काही नाही : चौदा दिवसांत शिफारशींसह परत पाठवायचं, त्या मानायच्या की नाही हे लोकसभा ठरवते. आणि एखादं विधेयक धन विधेयक आहे की नाही, हा निर्णय लोकसभाध्यक्षांचा. राज्यसभेला वळसा घालायची वाट इथेच आहे. गेल्या काही वर्षांतले वाद, धन विधेयक म्हणून मंजूर केलेल्या ‘आधार’ कायद्याचा धरून, म्हणूनच मला किरकोळ वाटत नाहीत.

घटनादुरुस्तीला मात्र संयुक्त बैठकीची सोयच नाही. १३ ऑक्टोबर १९८९ रोजी पंचायती आणि नगरपालिकांना घटनात्मक दर्जा देणारी दोन विधेयकं राज्यसभेत पुरेशा मतांअभावी पडली. राज्यांना डावलून केंद्र थेट गावापर्यंत हात पोचवतंय, ही विरोधकांची हरकत होती. १९९१ मध्ये हाच विषय नव्या मसुद्यांनी पुन्हा आला, डिसेंबर १९९२ मध्ये दोन्ही सभागृहांनी मंजूर केला, आणि त्यातली पंचायतींची ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली.